पाच नंबरचा बोअर

हैदराबादेत भूकंप होत नाही, असं मला आजवर शंभर लोकांनी तरी सांगितलं असेल. बिल्डरांनी सांगितलं, इंजिनिअरांनी सांगितलं, माझ्या सख्ख्या भावानं सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं एकच. खाली काळाकभिन्न ग्रॅनाइट आहे, सरकारच्या नकाशात आपण सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहोत, मग तुझी ही माती-तपासणी कशासाठी? नोकरीच्या सुरुवातीला मी वाद घालायची. पुढे पुढे फक्त विचारायला लागले, "तुमच्या घराखाली ग्रॅनाइट किती खोल आहे, माहीत आहे?" बहुतेकांना माहीत नसायचं. ते माहीत करून घेणं हेच माझं काम होतं.

माझे वडील नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. आम्ही भावंडं नारायणगुड्यात वाढलो. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून अभ्यास केला आणि सिव्हिल इंजिनिअर झाले. मैत्रिणींनी इमारती बांधायच्या नोकऱ्या धरल्या. मला मिळाली इमारतीच्या खालची. एका खाजगी कंपनीत माती-परीक्षण. कुणाला बांधकाम करायचं असलं की आमची माणसं तिथे यंत्र लावतात, जमिनीत भोक पाडतात, दर दीड मीटरला मातीचा नमुना काढतात आणि माती किती घट्ट आहे ते मोजतात. मोजायची पद्धत साधी आहे. लोखंडी सळईच्या डोक्यावर ठरावीक वजनाचा हातोडा ठरावीक उंचीवरून पाडायचा आणि सळई एक फूट आत जायला किती ठोके लागले ते मोजायचे. घट्ट मुरमात तीस-चाळीस लागतात. खडकात सळई जातच नाही. मऊ गाळात चार-पाच ठोक्यांत काम होतं. या भोकाला आम्ही बोअर म्हणतो आणि ठोक्यांच्या कागदाला लॉग. त्या लॉगवरून पाया ठरतो आणि लॉगखाली इंजिनिअरची सही असते. आमच्याकडे ती माझी असायची.

आता भूकंपाचं. भूकंपाची लाट खडकातून झपाट्यानं येते, पण तिथे ती फार उंच उठत नाही. वर मऊ माती असेल तर लाट तिच्यात शिरते आणि तिचा वेग मंदावतो. मागून येणारा जोर मात्र थांबत नाही. मग लाट उंच होते, जमीन जास्त हलते. शिवाय मातीच्या प्रत्येक थराची स्वतःची एक लय असते, झोपाळ्यासारखी. थर पातळ असेल तर भराभर, जाड असेल तर सावकाश. इमारतीचीही अशीच लय असते. या दोन्ही लयी जुळल्या की झोपाळ्याला दर फेरीला नेमक्या वेळी धक्का बसावा तसं होतं. म्हणून एकाच धक्क्यात या गल्लीतलं घर तडकतं आणि पुढच्या गल्लीतल्या माणसाच्या कपातला चहाही सांडत नाही.

हैदराबादेत ग्रॅनाइट आहे हे खरंच. पण या शहरात जागोजागी मोठी तळी होती, कुंटे म्हणजे लहान तळी होती. त्यातले कितीतरी बुजवून वर वस्त्या झाल्या. कुंटा बुजला तरी त्याचा गाळ कुठे जात नाही. तो खालीच बसून असतो.

एवढं सांगितलं म्हणजे पुढचं समजेल.

आमचे ड्रिलर होते खाजामियां. मी कंपनीत लागले तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास असतील. बोअरमधून वर आलेली माती ते दोन बोटांत चोळायचे, कधी कधी जिभेला लावायचे आणि सांगायचे, "मॅडम, इसके नीचे एक मीटर पे पत्थर मिलेगा." आणि मिळायचा. पहिल्या दिवशी मी साइटवर गेले तर मजूर माझ्याकडे बघून हसत होते. खाजामियांनी स्वतःचा स्टूल पुसून मला दिला आणि मजुरांना म्हणाले, "मॅडम लिखते, हम ठोकते. लिखने वाला गलत हुआ तो ठोकना बेकार." मी जे काही शिकले, ते कॉलेजात निम्मं आणि त्यांच्याजवळ निम्मं.

दिलसुखनगरच्या पुढे एका नव्या वसाहतीत डॉक्टर सुजाता बाळंतपणाचं हॉस्पिटल बांधणार होत्या. त्या तेलुगू, पण डॉक्टरकी मराठवाड्यात शिकल्या होत्या, त्यामुळे माझ्याशी हौसेनं मोडकंतोडकं मराठी बोलायच्या. समोरच्याच गल्लीत त्यांचा लहान दवाखाना होता. हॉस्पिटल पाच मजली होणार होतं आणि आम्हाला त्या जागेवर पाच बोअर घ्यायचे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक. त्या आठवड्यात माझ्याकडे आणखी दोन साइट होत्या. पहिल्या दोन बोअरला मी हजर होते. दोन्हीकडे दोन-तीन मीटरवर मुरूम आणि पाच मीटरच्या आत ग्रॅनाइट. उत्तम जमीन. उरलेल्या तीन बोअरचं फोनवर विचारलं. खाजामियां म्हणाले, "हौ मॅडम, पाचों हो गए. सब एक जैसा." मी अहवाल केला, सही केली. पाया उथळ ठरला. बांधकाम सुरू झालं.

वर्षभरानं एका दुपारी शहराच्या त्या भागात हलका धक्का बसला. आमच्याकडे असे बारीक धक्के अधूनमधून येतात. आधी जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज, मग दोन-चार सेकंद थरथर. कुणाला काही होत नाही, पेपरात चार ओळी येतात. मी नारायणगुड्यात ऑफिसात होते, मला कळलंही नाही. संध्याकाळी डॉक्टर सुजातांचा फोन आला. त्या खुशीत होत्या. "मॅडम, तुमची जमीन पास झाली! बिल्डिंगला काहीच नाही झालं. फक्त मागची कंपाउंडची भिंत थोडी फाटली. सवडीनं बघून जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. इमारतीचे तीन मजले उभे होते, चौथ्या स्लॅबच्या सळया बांधून तयार होत्या. कंपाउंडची भिंत ईशान्येच्या कोपऱ्यात तडकली होती. चीर उभी होती आणि तिच्यात माझी चार बोटं जात होती. ही काही रंगाची किंवा प्लास्टरची चीर नव्हती.

मी बाहेर पडून गल्ली हिंडले. पश्चिमेच्या बाजूच्या चार घरांत विचारलं. आवाज आला म्हणाले, बस. पूर्वेच्या बाजूला पहिल्याच घरात बाईनं मला आत नेऊन दाखवलं. फडताळातली भांडी खाली पडली होती, दाराच्या चौकटीवर तिरपी चीर होती. तिच्या शेजारच्या घरातही तसंच. म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला नुसता आवाज आणि दुसऱ्या बाजूला भांडी खाली. मी मनातल्या मनात दोन्ही बाजूंच्या मधून एक रेघ ओढली. ती रेघ सरळ हॉस्पिटलच्या ईशान्य कोपऱ्यातून जात होती. पाच नंबरचा बोअर तिथलाच होता.

कोपऱ्यावरच्या घरासमोर एक म्हातारी अव्वा शेंगा सोलत बसली होती. तिला विचारलं, पूर्वी इथे काय होतं? तिनं सोलणं न थांबवता हॉस्पिटलकडे मान हलवली. "इक्कड कुंटा उंडेदि अम्मा." इथे कुंटा होता. त्यांच्या म्हशी त्यात बसायच्या. मग जागा विकणाऱ्यानं ट्रकनं मुरूम आणून तो भरला. किती खोल होता म्हणून विचारलं तर म्हणाली, "म्हैस बुडायची."

आमच्या लॉगवर त्या कोपऱ्यात चार मीटरवर ग्रॅनाइट लिहिला होता.

ऑफिसात येऊन मी पाचही लॉग टेबलावर पसरले. पाच नंबरचा आणि तीन नंबरचा लॉग शेजारी शेजारी ठेवले. एकतीसच्या जागी तेहतीस, अठ्ठावीसच्या जागी सव्वीस. बाकी सगळं तेच. आमच्या धंद्यात याला टेबल बोअर म्हणतात. जमिनीत न पाडता टेबलावर पाडलेला. दुसऱ्या कंपन्यांचे टेबल बोअर मी लांबून ओळखायची आणि हसायची.

आणि आता जी गोष्ट मी तेव्हा कुणाला सांगितली नाही, ती लिहिते. अहवालाच्या आधी नमुन्यांच्या पिशव्या माझ्याकडे आल्या होत्या. बाकीच्या चार बोअरच्या खालच्या पिशव्या ओलसर होत्या. त्या जागेत दीड-दोन मीटरवरच पाणी लागत होतं, म्हणजे त्या तशा असायलाच हव्यात. पाच नंबरच्या पिशव्या हाताला कोरड्या लागल्या. मला ते जाणवलं होतं. उन्हात पडल्या असतील, असं मी स्वतःला सांगितलं. स्वतःला सांगावं लागलं याचा अर्थ मला शंका आली होती. तरी मी सही केली.

दुपारी मी खाजामियांना गाठायला त्यांच्या साइटवर गेले. मला दुरून येताना पाहिलं तेव्हाच त्यांनी यंत्र बंद केलं.

"पाच नंबर मारा था क्या?" मी विचारलं.

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "कोने में कीचड़ था मॅडम. बबूल के झाड़ थे. ट्रॅक्टर धंस जाता. दूसरे दिन मशीन नामपल्लीवाली साइट पे भेजना था, ऑफिस से फोन पे फोन. मैं सोचा, चार का चार एक जैसा निकला, पाँचवाँ कायकू अलग निकलेगा?"

"वहाँ कुंटा था, खाजामियां."

त्यांनी डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि तोंड पुसलं. "या अल्लाह," एवढंच म्हणाले. त्यांना पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. भरावाचा मुरूम वरून हुबेहूब खऱ्या मुरमासारखा दिसतो. पाया खोदणाऱ्यांना दोन मीटरवर तो मुरूम लागला आणि आमच्या लॉगवरही मुरूमच होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. आता त्या इमारतीचा तीन चतुर्थांश भाग खडकावर उभा होता आणि एक कोपरा गाळावर. मोठा धक्का आला तर खडकावरचा भाग थोडा हलणार, गाळावरचा कितीतरी जास्त, आणि इमारत पिळून निघणार. वर आणखी एक गोष्ट होती. तसा गाळ आठ-दहा मीटरच्या वर जाड असला तर त्याची लय आणि चार-पाच मजली इमारतीची लय जवळपास सारखी पडते. त्या कोपऱ्यात दुसऱ्या मजल्यावर नवजात बाळांचा वॉर्ड होणार होता. नकाशा मी पाहिला होता.

मी आमच्या साहेबांकडे गेले. त्यांना सगळे राव सर म्हणायचे. त्यांनी दोन्ही लॉग पाहिले, चष्मा काढला. "चौथा स्लॅब कधी आहे?"

"उद्या सकाळी."

"मग आता काय करणार? इमारत उभी राहिली ना वर्षभर? हैदराबाद आहे मॅडम, भुज नाही. स्लॅब होऊ दे. पुढच्या महिन्यात काही निमित्त काढून बोअर घेऊ."

"सर, एकदा स्लॅब पडला की तो कुणी काढत नाही. मग सगळे तो न काढायची कारणं शोधतात."

"आणि तुमची सही?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. फक्त विचारलं. मी उठून बाहेर आले आणि जिन्यातूनच खाजामियांना फोन केला. भिंत आणि इमारतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ट्रॅक्टरवरचं यंत्र जाणार नव्हतं. मी म्हटलं, गोदामात तीन पाईपांची जुनी उंच तिपाई आहे, तिच्यावर हातानं बोअर घेता येईल का? ते म्हणाले, "सुबह छे बजे टेम्पो लगाता हूँ."

सकाळी साडेसातला मी साइटवर पोचले तेव्हा काँक्रीटचा पंप लागला होता. दोन मिक्सर गाड्या गल्लीत ड्रम फिरवत उभ्या होत्या, तिसरी वळणावर. वर सळयांवर वीस-पंचवीस माणसं बूट घालून तयार. कंत्राटदार मल्लेश नारळ फोडायच्या बेतात होता. मी त्याला तेलुगूत म्हटलं, "स्लॅब थांबवा."

त्याला वाटलं मी पूजेसाठी थांबवतेय. "मॅडम, पाच मिनिटात पूजा होईल."

"पूजा नाही, काँक्रीट थांबवा. या कोपऱ्याखालची जमीन मी चुकीची लिहिली आहे."

तो ओरडायला लागला. गाडीतलं काँक्रीट दोन तासांत टाकावं लागतं, नाहीतर ते ड्रममध्येच दगड होतं. गाड्या परत कशा पाठवणार, माणसं कशी परत पाठवणार, आणि तुम्ही कोण? माती बघणाऱ्या बाईचं छपराशी काय काम? आवाज ऐकून डॉक्टर सुजाता समोरच्या दवाखान्यातून आल्या. गळ्यात स्टेथोस्कोप तसाच होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. कुंटा, भराव, पाचवा बोअर. मराठीत सांगितलं, म्हणजे मल्लेशला कळू नये म्हणून नव्हे, मला दुसऱ्या कुठल्या भाषेत ते सांगता आलं नसतं म्हणून.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "त्या कागदावर सही तुमची होती ना?"

"हो."

"तेव्हा खरं सांगितलं होतं की आता खरं सांगता? मी कसं ओळखू?"

"ओळखू नका. मी खोदून दाखवते. दोन तास द्या."

टेम्पो तोवर येऊन लागला होता. खाजामियां लोखंडी पाईप उतरवत होते. डॉक्टरांनी मल्लेशकडे पाहिलं, मिक्सरकडे पाहिलं. "दोन तास," त्या म्हणाल्या. "काही निघालं नाही तर तुम्ही परत इथे दिसायचं नाही."

भिंतीला लागून, पाच नंबरच्या जागी, आम्ही तिपाई उभी केली. दोघे दोर ओढणारे, खाजामियां सळई धरणारे, मी लिहिणारी. वरची माणसं सळयांवरून वाकून बघत होती. ड्रम फिरत होते, त्यांचा घरघर आवाज कानात बसला होता.

दीड मीटरला मुरूम. ठोके बावीस. मल्लेश हाताची घडी घालून उभा होता.

तीन मीटर व्हायला पाऊण तास लागला. भरावात मधेच मोठा दगड आला, तो फोडावा लागला. दगड लागल्याचा आवाज आला तेव्हा मल्लेश जोरात हसला. "हे काय मॅडम, ग्रॅनाइट!" मी कागदावरून मान वर केली नाही. खाजामियांनीही वर पाहिलं नाही. तीन मीटरला ठोके लावले. "उन्नीस, बीस, इक्कीस." एकवीस. पुन्हा मुरूम. लाल, घट्ट, खरा वाटणारा.

आता माझं मन डगमगलं. म्हातारी चुकली असेल तर? कुंटा पलीकडे असेल तर? घड्याळात सव्वा तास झाला होता. लाज वाटते सांगायला, पण मी त्या क्षणी मनातून गाळ मागत होते. बाळांच्या वॉर्डखाली गाळ निघावा, असं मागत होते.

साडेचार मीटरला नमुन्याची नळी खाली सोडली. हातोडा उचलला, पाडला. सळई सरसर खाली गेली. खाजामियां मोजायला तोंड उघडून थांबले. दुसरा ठोका पडला आणि फूटभराची खूण जमिनीच्या खाली गेली.

"दो," ते हळू आवाजात म्हणाले. "लिखो मॅडम. दो."

नळी वर काढून उघडली तर आत काळा, चिकट गाळ. कुजकट वास सुटला. त्यात पांढरे बारीक शंख होते, तळ्यातल्या गोगलगाईंचे. डॉक्टर पुढे आल्या, वाकल्या आणि चिमूटभर गाळ तळहातावर घेतला. अंगठ्यानं दाबला तर त्याचा आकार बदलला.

मग मल्लेशकडे वळून तेलुगूत म्हणाल्या, "गाड्या परत पाठव."

पुढे सहा मीटरवर तर हातोडा पाडायचीच गरज पडली नाही. सळईवर नुसता ठेवला आणि सळई त्याच्या वजनानं आत गेली. तिथे ठोक्यांच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. ऊन डोक्यावर आलं, मिक्सर गेले, वरची माणसं खाली येऊन सावलीत बसली. आम्ही चालूच होतो. तेरा मीटरवर सळई ठण्णकन उडाली आणि ग्रॅनाइट लागला. त्याच इमारतीच्या दुसऱ्या टोकाला तो पाच मीटरच्या आत होता.

त्यानंतर आम्ही तिथे जिओफोनची तपासणीही केली. जमिनीत ओळीनं लहान यंत्रं खोचायची, एका टोकाला लोखंडी पत्र्यावर घण मारायचा आणि प्रत्येक यंत्रापाशी लाट कधी पोचली ते बघायचं. खडकाच्या बाजूला लाट धावली, कोपऱ्यात येताच रांगायला लागली. संगणकाच्या पडद्यावरच्या रेषा डॉक्टरांना दाखवल्या. त्या म्हणाल्या, "ईसीजीसारखं आहे." मी म्हटलं, "हो. आणि हा पेशंट अजून बरा होऊ शकतो."

बरा झाला. स्ट्रक्चरल इंजिनिअरनी कोपऱ्याचा भाग इमारतीपासून कापून वेगळा केला, मधे फट ठेवली, म्हणजे हललेच तर दोन्ही भाग आपापले हलतील, एकमेकांना ओढणार नाहीत. कोपऱ्याखाली बारीक खांब थेट ग्रॅनाइटपर्यंत उतरवले. वरचे दोन मजले रद्द झाले. बाळांचा वॉर्ड खडकाच्या बाजूला गेला. हॉस्पिटल ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा सुरू झालं. उद्घाटनाचं निमंत्रण मला आलं नाही आणि मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

कंपनीत चौकशी बसली. राव सर, मालक आणि मी. खाजामियांना बाहेर बाकावर बसवलं होतं. मी म्हटलं, सही माझी आहे, जबाबदारी माझी. मालक म्हणाले, "तुमचं काय मॅडम, तुम्हाला जे लिहून दिलं त्यावर तुम्ही सही केली. तुम्ही तर चूक पकडली." मग खाजामियांना आत बोलावलं. त्यांनी सगळं मान्य केलं. मालकांनी विचारलं, मॅडमना माहीत होतं का? खाजामियां म्हणाले, "नै साब, मॅडम को कुछ मालूम नै था." त्यांना त्याच दिवशी काढलं. माझी नोकरी शाबूत राहिली. मला शाबासकीसुद्धा मिळाली. मी कोरड्या पिशव्यांबद्दल एक अवाक्षर काढलं नाही.

महिनाभरानं मी त्यांच्या घरी गेले. नामपल्लीच्या मागे दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोनं बसायला सतरंजी टाकली, चहा केला. खाजामियांना पाण्याच्या बोअरवेलच्या गाडीवर काम मिळालं होतं. हसून म्हणाले, "अच्छा काम है मॅडम. पानी लगा तो लोगां हार डालते. आपके काम में कौन हार डालता?"

मी हसले नाही. म्हटलं, "खाजामियां, पाँच नंबर की थैलियाँ सूखी थीं. मैं देखी थी."

ते चहा बशीत ओतत होते. ओतून झाला, फुंकर घातली, घोट घेतला. मग म्हणाले, "मालूम है."

"मालूम है?"

"थैलियाँ देने मैं ही आया था ना. आप हाथ लगाए, रुके, फिर कलम उठाए. मैं वहीं खड़ा था. दिल में बोला, पूछो मॅडम. पूछते तो मैं बोल देता. कसम से बोल देता."

मी विचारलं, "फिर मीटिंग में क्यों नहीं बोले?"

"मेरी नौकरी तो जानी ही थी," ते म्हणाले. "दो की जा के क्या होता? हॉस्पिटल के नए कागज पे दस्तखत कौन करता?"

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेत, स्वच्छ शब्दांत मी एक पत्र लिहिलं. पाच नंबरच्या पिशव्या कोरड्या असल्याचं मला दिसलं होतं, मी विचारलं नाही, दोष एकट्या ड्रिलरचा नाही, त्यांना परत घ्यावं. खाली सही केली आणि राव सरांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानं वाचलं. नीट घडी घालून मला परत दिलं.

"हे मी वाचलेलं नाही," ते म्हणाले. "घरी घेऊन जा."

मी मालकांकडे जाऊ शकत होते. मालकांची केबिन तिथून दहा पावलांवर होती, दार उघडं होतं, ते आत बसलेले मला दिसत होते. मी पत्र पर्समध्ये ठेवलं आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

त्यानंतर त्याच कंपनीत मी अकरा वर्षं नोकरी केली. प्रत्येक बोअरला स्वतः उभी राहिले, प्रत्येक पिशवी हातात घेऊन पाहिली, आणि लोक मला फार प्रामाणिक बाई म्हणत.